पिस्तुलाचा बस्ता

“याच्यात दुसरा रंग नाही का?” आत्याबाईंनी विचारलं. दुकानदाराने हातातलं पिस्तूल काचेवर ठेवलं आणि माझ्या वडिलांकडे पाहिलं.

आण्णांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी पिस्तूल घ्यायचं होतं ते सम्राटराव आरशात पाहत होते. बंदुकांच्या दुकानात माणसाच्या उंचीचा आरसा असतो हे मला त्या दिवशी कळलं. साडीच्या दुकानातला आरसा मी सकाळीच पाहून आले होते. फरक एवढाच, की तिथे मी स्वतःला बघायला गेले तर मध्ये आत्याबाई उभ्या होत्या, आणि इथे सम्राटराव एकटेच आरसा अडवून उभे होते.

“ताई, हत्यारात रंग दोनच,” दुकानदार अदबीने म्हणाला. “एक हे काळं, एक हे चंदेरी.”

“मग मूठ तरी बदलून द्या. ही तपकिरी लई मळकट दिसती.”

माझ्या लग्नाच्या बस्त्याचा दिवस होता तो. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, आणि आमच्याकडे तिची रीत पक्की आहे. नवरीच्या साड्या नवऱ्याकडच्यांनी पसंत करायच्या, नवऱ्याचे कपडे नवरीकडच्यांनी. त्याप्रमाणे सकाळी लक्ष्मी रोडवर सम्राटरावांच्या आत्याबाईंनी माझा शालू पसंत केला. मला डाळिंबी हवा होता, त्यांनी पोपटी घेतला. सम्राटरावांची शेरवानी मी पसंत करायची होती, पण ती त्यांनी आधीच येऊन बाजूला काढून ठेवली होती, त्यामुळे मी फक्त मान हलवली. पैसे आण्णांनी दिले. जेवणाचेही त्यांनीच दिले. मग सम्राटरावांनी गाडी कॅम्पातल्या या दुकानासमोर आणून उभी केली आणि म्हणाले, “चला, आता खरा बस्ता.”

हे पिस्तूल आमच्या पदरात कसं पडलं ते सांगायला हवं. सम्राटरावांच्या वडिलांनी हायवेलगतची जमीन एका कंपनीला विकली होती आणि त्यातून गावाबाहेर गुलाबी बंगला उठवला होता. सुपारी फुटली त्या दिवशी ते आण्णांना म्हणाले, “हुंड्याचं नाव काढू नका, पाव्हणं. आपल्यात ते बसत नाही. देवानं भरपूर दिलंय.” आण्णांनी हात जोडले. मग चहा आला, आणि चहाबरोबर पुढचं वाक्य आलं. पोराचा हत्याराचा परवाना आलाय. जावयाला अंगठी तर तुम्ही घालणारच, तर तिच्याऐवजी त्याच्या हौसेचं एक पिस्तूल होऊन जाऊ द्या. अंगठी काय, बोटात राहती. पिस्तूल घरादाराचं रक्षण करतं. आणि घराचं रक्षण म्हणजे शेवटी तुमच्या लेकीचंच रक्षण.

आण्णा एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर त्यांनी माइकवर गाड्या पुकारल्या होत्या आणि खिडकीशी भांडणाऱ्या प्रवाशांचं शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्यांनी हेही ऐकून घेतलं. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, “अंगठीऐवजी दुसरं काहीतरी मागतायत.” काय ते त्यांनी सांगितलं नाही. आईचे सांधे तेव्हा चिकुनगुन्याने सुजले होते, म्हणून ती बस्त्यालाही येऊ शकली नव्हती, आणि शेवटपर्यंत तिला वाटत होतं की ते दुसरं म्हणजे ब्रेसलेट.

मीही काही कमी नव्हते. बंगला मला आवडला होता. गच्चीवरचा झोपाळा आवडला होता. सम्राटराव दिसायला चांगले होते, त्यांच्या पापण्या बायकांना हेवा वाटावा अशा होत्या, आणि गाडी ते फार सफाईने चालवायचे. मी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे, दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचे. तिथून थेट झोपाळ्यावर जायला मी तयार होते. सम्राटरावांनी फोनवर पिस्तुलाचं सांगितल्यावर मी हसले आणि मैत्रिणींना सांगितलं, आमच्याकडे जावयाला तोफ पण देतात.

पण पुढे महिनाभर फोनवर दुसरा विषयच निघेना. बाजारात सध्या दोन पिस्तुलं फार चालतात, दोन्ही बत्तीस बोरची. एक सरकारी कारखान्यातलं, काळं, जाडजूड. दुसरं नव्या खासगी कंपनीचं, चंदेरी, सडपातळ. सम्राटराव दोघांचे फोटो मला मोबाईलवर पाठवायचे, पुढून, मागून, बाजूने. मुलीचे फोटो बघताना त्यांनी इतका वेळ घेतला नव्हता. त्यांच्या मित्रांत दोन तट पडले होते. ढाब्यावर रोज रात्री त्यावर चर्चा व्हायची आणि तिथून मला फोन यायचा. एकदा मी विचारलं, “मला काय आवडतं ते कधी विचारणार?” तर म्हणाले, “तेच विचारतोय ना, जड का हलकं?”

रक्षण नेमकं कुणापासून करायचं हा प्रश्न कुणी काढत नव्हतं. बंगल्याला काचा लावलेली भिंत होती, फाटकावर कॅमेरा होता, आवारात दोन कुत्री होती. आजवर तिथे चोरी झाली होती ती पाण्याच्या मोटारीची, आणि मोटार सापडली ती सम्राटरावांच्याच चुलतभावाच्या विहिरीवर. त्याला काही गोळी घालता येत नव्हती, कारण तो लग्नात मांडवाचं बघणार होता.

तर त्या दुपारी दुकानात आम्ही एवढेच होतो. आण्णा, मी, सम्राटराव, त्यांच्या आत्याबाई, आणि काचेपलीकडे दुकानदार. दुकानदार गोरा, गुबगुबीत, सोनाराच्या पेढीवर शोभला असता असा. त्याने काचेवर मखमली कापड अंथरलं, परवाना बघितला, आणि दोन्ही पिस्तुलं बाहेर काढली. प्रत्येकाचं गोळ्यांचं मॅगझिन त्याने वेगळं काढून ठेवलं, वरचा भाग मागे ओढून आतली रिकामी नळी आम्हा सगळ्यांना दाखवली. “बघा, दोन्ही रिकामी. कायम खात्री करून मगच हातात घ्यायचं, आणि रिकामं असलं तरी भिंतीकडे धरायचं. हा पहिला नियम.”

आण्णांनी वाकून नळीत पाहिलं आणि मान डोलावली. त्यांना नियम आवडायचे.

“आता घरासाठी म्हणाल, तर काळं,” दुकानदार सांगू लागला. “वजन आहे, त्यामुळे झटका कमी बसतो, हात हलत नाही. कपाटात ठेवायचं, विसरून जायचं. हे चंदेरी हलकं आहे, अंगाबरोबर राहतं. कमरेला लावलं तर शर्टातून कळतसुद्धा नाही.”

“कळत नाही म्हणजे?” सम्राटराव आरशातूनच म्हणाले. “कळायला पाहिजे ना.”

सगळी अडचण तिथेच होती. परवाना घराच्या रक्षणासाठी होता आणि मन कमरेत अडकलं होतं. काळं घरासाठी बरं, पण ते कपाटात पडून राहणार, मग लोकांना कळणार कसं? चंदेरी कमरेला छान, पण दोस्तांपैकी निम्मे म्हणणार, बायकी आहे. सम्राटराव एकदा हे खोचत, एकदा ते खोचत. पुढे खोचून पाहिलं, मागे खोचून पाहिलं. शर्ट आत, शर्ट बाहेर. आत्याबाई लांबून आणि जवळून बघत होत्या, आणि पदराच्या टोकाने मूठ पुसत होत्या. काळ्याने पँट खाली ओढली जाते असं त्यांचं मत पडलं. शिवाय दसऱ्याला शस्त्रांच्या पूजेत मांडल्यावर कुठलं उठून दिसेल, हेही बघायला हवं होतं. त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढून दोन्हींना बोट लावून बघितलं. दुकानदार घाईने म्हणाला की ताई, कुंकू आत गेलं तर ऐन वेळी अडकतं. आत्याबाई म्हणाल्या, देवाच्या कुंकवानं कधी कुणाचं अडकलंय का?

आण्णांनी घसा साफ केला. तासाभरात ते पहिल्यांदाच बोलत होते. घरात पुढेमागे लहान मूल आलं तर हे कुठे ठेवायचं, असं त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. सम्राटराव हसले. दारात चोर आणि आपण दोन-दोन कुलपं उघडत बसायचं का, असं त्यांनी विचारलं, आणि आण्णा लगेच म्हणाले, तेही खरंच.

मग मी विचारलं, “आणि हे घरी नसतील तेव्हा?”

“परवाना ज्यांच्या नावावर त्यांनीच वापरायचं, ताई. घरातल्या दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कायदा तसा आहे.”

“म्हणजे हे ढाब्यावरून परत आले की मगच चोरांनी यायचं.”

दुकानदार हसला आणि लगेच थांबला, कारण गिऱ्हाईक हसलं नव्हतं. सम्राटराव आरशापासून वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आत्याबाईंकडे पाहून म्हणाले, “लई बोलती.”

“नवीन हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “होईल सरळ.”

मी नव्या गाडीबद्दलचं बोलणं ऐकावं तसं ते ऐकलं. आण्णा काचेतल्या काडतुसांच्या डब्यांवरची नावं वाचत होते. त्यांना ऐकू आलं नसेल असं मी धरून चालले. दुकान मोठं नव्हतं, पण धरून चालायची मला सवय होती.

शेवटी आत्याबाईंनीच तोड काढली. नवऱ्याचं नवरीने पसंत करायचं ही रीत आहे, तेव्हा वैजयंताने सांगावं, कुठलं. शालू आपण पसंत केला, आता पिस्तूल तिने करावं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की सुनेला विचारलं नाही. एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर टाकून त्या स्टुलावर बसल्या आणि दुकानदाराला विचारू लागल्या, की एवढं महागाचं घेतोय तर चामड्याचं कव्हर फुकट देणार की नाही.

मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. सम्राटराव म्हणाले, “कळायचं काय त्यात? हे बघ.” त्यांनी चंदेरी उचललं, दोन पावलं मागे गेले, पाय फाकवून उभे राहिले आणि ते माझ्याकडे रोखलं.

“हात वर,” ते म्हणाले.

मी हसले. आधी मीच हसले, हे सांगायला पाहिजे. लॅबमध्येही सुई टोचताना पेशंटने काही विनोद केला की मी तसं हसायचे, ओठांनी.

त्यांनी चाप ओढला. खट् असा आवाज झाला, स्टेपलरचा होतो त्यापेक्षा जरा मोठा. रिकामं आहे हे मला माहीत होतं, मी स्वतः नळीत पाहिलं होतं. तरी माझे डोळे मिटले. डोळे उघडले तर आत्याबाई मांडीवर थापा मारत हसत होत्या. “बघ कशी दचकली. तोंड बघ तिचं.”

“साहेब, भिंतीकडे धरा हं जरा,” दुकानदार म्हणाला. गादीवर चप्पल घालून चढणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला सांगावं, तेवढ्याच जोरात.

सम्राटरावांनी हात खाली केला नाही. त्यांनी नेम आणखी वर घेतला, माझ्या कपाळावर, टिकलीच्या जागी. “लग्नानंतर उलटं बोललीस ना,” ते हसत हसत म्हणाले, “तर हे ध्यानात ठेवायचं.” आणि पुन्हा एकदा खट्.

या वेळी आण्णाही हसले.

त्यांचं ते हसू मला ओळखीचं होतं. डेपो मॅनेजर घरी चहाला यायचे तेव्हा ते कपाटातून नव्या कपबशांबरोबर बाहेर निघायचं. जरा उशिरा सुरू व्हायचं आणि साहेबांच्या नंतर थांबायचं. तसंच ते आत्ताही थांबलं. आत्याबाईंचं संपलं, सम्राटरावांचं संपलं, आणि मग आण्णांनी आपलं संपवलं.

मला खूप राग आला. सम्राटरावांचा आला की आण्णांचा, हे तेव्हा नीट वेगळं करता आलं नाही. पण डोकं एकदम शांत झालं. शीर सापडत नाही आणि पेशंट ओरडतोय, तेव्हा ते तसं होतं.

“मला हे काळं बघू द्या,” मी म्हटलं.

दुकानदार खूश झाला. त्याने ते पुन्हा उघडून दाखवलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि मूठ माझ्याकडे करून दिलं. खरंच जड होतं. मी ते दोन्ही हातांत धरलं, आणि सम्राटराव ज्या दोन पावलांवर उभे होते तिथेच, त्यांच्या दोन्ही भुवयांच्या मधोमध रोखलं.

“हात वर,” मी म्हटलं.

त्यानंतर जे झालं ते फार पटकन झालं. सम्राटरावांच्या हातातून चंदेरी पिस्तूल फरशीवर पडलं. ते स्वतः एका उडीत स्टुलामागे गेले आणि आत्याबाईंना दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी पुढे केलं. घराचं रक्षण करणारा माणूस आत्याबाईंच्या अंबाड्याआडून माझ्याकडे बघत होता. त्या सुंदर पापण्या एवढ्या उघडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. आत्याबाई किंचाळत होत्या, पण उठता येत नव्हतं, कारण भाच्याने त्यांना घट्ट धरून ठेवलं होतं.

“ताई, खाली घ्या,” दुकानदार ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. तो काचेवरून अर्धा पुढे आला आणि त्याने माझं मनगट पकडलं. “हत्यार कधी माणसावर रोखतात का? अक्कल आहे की नाही?”

“वैजू,” आण्णा म्हणाले. मागे येणाऱ्या गाडीखाली कुणी जात असलं की ते डेपोत असा आवाज काढायचे.

मी चापाला बोटही लावलं नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं की आता कोण हसतं. कुणीच हसलं नाही.

मी पिस्तूल मखमलीवर ठेवलं. “रिकामं आहे,” मी दुकानदाराला म्हटलं. “तुम्हीच दाखवलंत की मघाशी.”

सम्राटराव आत्याबाईंमागून बाहेर आले. चेहरा लालभडक झाला होता. त्यांना लाज वाटली असावी, आणि लाज वाटली की असली माणसं दुसऱ्यावर चिडतात.

“माझ्यावर रोखतीस?”

“तुम्ही रोखलंत माझ्यावर.”

“मी गंमत केली.”

“मीपण.”

“बाईमाणसानं असली गंमत करायची असती का?” आत्याबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “पाव्हणं, काय पोरगी हाय का काय ही? माझा जीव गेला असता की आत्ता.”

जीव जाणार होता तर तो आत्याबाईंचाच गेला असता, पुढे त्याच होत्या, पण पुढे त्यांना कुणी धरलं होतं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आण्णा हात जोडून उभे राहिले. पोरकटपणा झाला, लहान आहे, घरी गेल्यावर समजावतो, असं म्हणाले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि रोज पन्नासेक लोकांचं रक्त काढत होते. आण्णांनी मला माफी मागायला सांगितलं.

“त्यांनी मागितली की मागते,” मी म्हटलं.

आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, एवढी गाडी सुटू देऊ नकोस. मला कळलं ते. पण त्या गाडीत कपाळावर खट् वाजल्यावर हसायचं होतं, रोज, आणि सगळ्यांच्या नंतर थांबायचं होतं. ते मला जमण्यासारखं नव्हतं, आणि ते जमणार नाही हे मला त्या काळ्या जड वस्तूमुळे कळलं, एवढे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

सम्राटराव बाहेर फूटपाथवर जाऊन वडिलांशी फोनवर बोलत राहिले. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. एकदा त्यांनी दोन्ही हातांनी पिस्तूल धरल्याचा अभिनय केला, म्हणजे गोष्ट माझ्या भागापर्यंत पोचली होती. स्वतःच्या भागाचा अभिनय काही त्यांनी केलेला दिसला नाही. मग ते गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागे बाहेर गेलेल्या आत्याबाई पर्स घ्यायला आत आल्या आणि निरोप आण्णांना देऊन गेल्या. हे लग्न होत नाही. पत्रिका छापायला टाकल्या असतील तर थांबवा. “अशी पोरगी घरात आणायची म्हणजे आमच्या पोराच्या जिवाला धोका हाय,” त्या म्हणाल्या. परवाना मिळवताना जो धोका दाखवावा लागतो आणि इतके दिवस कुठे सापडत नव्हता, तो अखेर त्यांना मिळाला.

गाडी गेली. दुकानात आम्ही दोघं आणि दुकानदार उरलो. त्याने फरशीवरचं चंदेरी उचललं, फुंकर मारली, कुंकू पुसलं, कुठे ओरखडा आलाय का ते उजेडात धरून बघितलं. मग धंदा तो धंदा, म्हणून आण्णांना विचारलं, “मग साहेब, कुठलं करायचं?”

“आज नको,” आण्णा म्हणाले. साडीच्या दुकानातून काही न घेता उठताना माणसं म्हणतात तसंच, जरा ओशाळून.

पुढे गावात ही हकिगत फार रंगली. मी भर दुकानात गोळी झाडली इथपासून ते पिस्तूल माझ्या पर्समध्येच होतं इथपर्यंत. हुंड्यावरून लग्नं मोडतात, मानपानावरून मोडतात, माझं जड की हलकं यावरून मोडलं, असं माझी मावसबहीण अजून सांगते. लॅबमध्ये काही दिवस पुरुष पेशंट दंड पुढे करताना फार शहाण्यासारखे वागले. सम्राटरावांचं पुढच्याच सीझनमध्ये लग्न झालं. सासऱ्यांनी त्यांना चंदेरी दिलं म्हणे. त्या मुलीचं नाव मी कधी विचारलं नाही, पण तिची आठवण मला येते, आणि आली की बरं वाटत नाही. माझंही लग्न झालं, दोन-तीन वर्षांनी, एका कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाशी, ज्याच्याकडे धोकादायक म्हणाल तर फवारणीची औषधं आहेत. ती तो कुलपात ठेवतो.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं चालत स्वारगेटला गेलो आणि आमच्या तालुक्याच्या गाडीत बसलो. आण्णांना ओळखणारे कंडक्टर होते, त्यांनी पुढची जागा दिली आणि विचारलं, काय साहेब, पोरीचा बस्ता झाला वाटतं? आण्णा हो म्हणाले. आमच्या हातात एकही पिशवी नव्हती, सगळ्या सम्राटरावांच्या गाडीतून गेल्या होत्या.

गाडी हडपसरच्या पुढे गेल्यावर आण्णांनी खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, आईला काय सांगायचं ते ठरवायला हवं. मी म्हटलं, झालं तेच सांगू. ते म्हणाले, तिला पिस्तुलाचंच माहीत नाही, सुरुवात कुठून करायची? यावर आम्ही दोघंही थोडे हसलो. मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही.

“आण्णा, त्यांनी माझ्यावर रोखलं तेव्हा तुम्ही हसलात.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “हसलो,” ते म्हणाले.

“का?”

“सगळे हसत होते. आणि ते रिकामं होतं, वैजू. मी बघितलं होतं ना आत. त्याने काय होणार होतं?”

“मी रोखलं तेही रिकामं होतं.”

“हो.”

“तेव्हा तुम्ही ओरडलात. घाबरला होतात.”

“घाबरलोच. हातपाय गार पडले माझे.”

“कुणासाठी?”

आण्णा आयुष्यात खोटं बोलले नव्हते. गाडी उशिरा येणार असेल तर उशिरा येणार असंच ते माइकवर सांगायचे, लोकांनी कितीही शिव्या दिल्या तरी. त्यांनी माझ्या प्रश्नावरही नीट विचार केला. मला दिसत होतं, ते मनात परत त्या दुकानात जाऊन उभे राहिले होते.

“जावयासाठी,” ते म्हणाले.

लग्न मोडलं तेव्हा मी रडले नव्हते. आत्याबाईंनी जाता जाता ऐकवलं तेव्हाही नाही. दिवसभरात मला रडू आलं ते तेव्हा, आणि ते आमच्या गावाचा थांबा येईपर्यंत थांबलं नाही.